भेट झाली, बोलणं राहिलं

मंचरहून निघालेली भीमाशंकरची एसटी घोडेगाव सोडते, डिंभे धरणाचं पाणी काही वेळ सोबत घेते आणि चढाला लागते. श्रावणात तळेघरला उतरावं तर चार हातांवरचं माणूस धुक्यात दिसत नाही. भाताची आवणी आटोपलेली असते, खाचरं पाण्यानं भरलेली असतात आणि अंगावरचं इरलं-घोंगडं वाळायला सवड मिळत नाही. अशा दिवसांत संध्याकाळी भजन बसतं. टाळ, पखवाज आणि एक जुनी पेटी. पेटीवर बसणाऱ्या म्हाताऱ्या बाबांची ओळख मला शिक्षकाच्या नोकरीत या भागात आल्यावर झाली. एका रात्री त्यांनी अभंग धरला. दुसऱ्या ओळीला मी चपापलो. चाल सुधीर फडक्यांची होती, एका मराठी चित्रपटातली.

भजन संपल्यावर मी तसं बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, “व्हय, बाबूजींचीच हाये.” मग मला निरखत त्यांनी विचारलं, “गुरुजी, तुम्ही पुण्याला शिकलात. तुम्ही बगितलंय का त्यांना? कसं व्हतं मानूस?”

पाहिलं होतं. कॉलेजात असताना पुण्यात गीतरामायणाचा कार्यक्रम ऐकला होता आणि संपल्यावर नमस्कार करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो होतो. रांगेत उभं असताना मनात चार वाक्यं जुळवली होती. माझी पाळी आली, मी वाकलो, त्यांनी हात जोडले आणि मागच्या माणसाच्या रेट्यानं मी पुढं सरकलो. एक शब्दही बोललो नाही. सगळी भेट अर्ध्या मिनिटाची नसेल. एवढ्या भांडवलावर ‘कसं व्हतं मानूस’ याचं उत्तर मी काय देणार होतो?

पण तो प्रश्न तेव्हापासून सुटला नाही. पुढच्या काळात बाबूजींना भेटलेली माणसं जिथं जिथं भेटली, तिथं मी त्यांना त्या भेटीबद्दल विचारत गेलो. कुणी कार्यक्रमात सतरंज्या घालणारे स्वयंसेवक होते, कुणी स्वाक्षरीची वही घेऊन गेलेली मुलगी होती, कुणी आईचं बोट धरून गेलेलं पोर होतं. त्यांच्या आठवणींत मला एक सारखेपणा दिसला. आपण कितव्या रांगेत बसलो होतो, हे सगळ्यांना आठवत होतं. त्या दिवशी अंगात कोणता सदरा होता, परतीची शेवटची गाडी कशी चुकली, घरी आल्यावर वडील काय म्हणाले, हेही आठवत होतं. बाबूजी मात्र त्या आठवणीत दोनच गोष्टी करत होते: हात जोडत होते किंवा किंचित हसत होते. आठवण त्यांची म्हणून सांगितली जात होती आणि तिच्यात सगळं सांगणाऱ्याचंच आयुष्य होतं.

हा आठवणीचा दोष आहे, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. आपल्याकडे वारकरी अठरा-वीस दिवस चालून पंढरपूरला जातो, दर्शनबारीत तासन् तास उभा राहतो आणि विठोबाच्या पायांवर त्याचं डोकं क्षणभर टेकतं. परत आल्यावर गावात कुणी त्याला ‘देव काय बोलला’ असं विचारत नाही. ‘भेट झाली का’ एवढंच विचारतात. त्या क्षणाचं मोल वाटेत चाललेल्या पावलांनी ठरलेलं असतं. चाहत्याची भेटही याच जातीची. आधीची वीस-पंचवीस वर्षं ते गाणं त्यानं भांडी घासताना, नांगर धरताना, मूल निजवताना म्हटलेलं असतं. बोलणं तेव्हाच होऊन गेलेलं असतं. भेटीत त्याची पोच द्यायची राहिलेली असते, आणि ती वाकून देता येते.

संगीतकाराच्या बाबतीत ही गोष्ट आणखी नाजूक आहे. नट दिसतो. गायकाचा आवाज ओळखता येतो. चाल करणाऱ्याचा चेहराही दिसत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी हिंदी चित्रपटसृष्टी गाजवली ती सी. रामचंद्र या नावानं. काही चित्रपटांना त्यांनी आणखी वेगळ्या नावांनी संगीत दिलं. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ या चित्रपटांचं संगीत ‘आनंदघन’ यांचं होतं आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे ‘साधी माणसं’च्या राज्य पुरस्काराच्या वेळी सर्वांसमोर आलं. ज्या आवाजाला देशातलं प्रत्येक घर ओळखत होतं, त्या आवाजाची मालकीण संगीतकार म्हणून नावाआड राहू शकली. संगीतकार किती सहज अदृश्य राहतो, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

सुधीर फडके याला अपवाद ठरले, कारण ते स्वतः लोकांसमोर बसून गायले. २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात जन्म; वामनराव पाध्यांकडे गाण्याचं शिक्षण; मग उपासमारीची, वणवणीची वर्षं. १९४१ मध्ये एचएमव्ही, १९४६ मध्ये प्रभात. पुढं राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि ते अशी तिघांची जोड जमली आणि ‘लाखाची गोष्ट’, ‘जगाच्या पाठीवर’ असे चित्रपट झाले. चित्रपटसंगीताचं एवढंच काम त्यांनी केलं असतं तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण मग माणसांच्या या रांगा लागल्या नसत्या. त्या रांगांचं मूळ आकाशवाणीच्या पुणे केंद्रात आहे. हे केंद्र सुरू झालं १९५३ मध्ये. तिथले सीताकांत लाड यांच्या आग्रहातून गीतरामायण उभं राहिलं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पहिलं गाणं प्रसारित झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी झाली. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून ती छप्पन्न. शब्द माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक अशा अनेकांनी ती गायली. नंतर बाबूजी ती एकट्यानं, व्यासपीठावर पेटी घेऊन, गावोगावी गात राहिले. शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे आणि चालीनं अर्थाला धक्का लावता कामा नये, हा त्यांचा आग्रह मागच्या रांगेतल्या माणसालाही कळायचा. त्यामुळं संगीतकाराला याचि डोळां पाहण्याची संधी महाराष्ट्रातल्या असंख्य सामान्य माणसांना मिळाली.

आणि या माणसानं भेटायला आलेल्यांकडं एकदा उघडपणे मागणंही केलं. सावरकरांवर चित्रपट काढण्यासाठी त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली, त्यासाठी गाण्याचे कार्यक्रम केले, उतारवयाची अनेक वर्षं त्यात घातली. ‘वीर सावरकर’ २००१ मध्ये पडद्यावर आला. २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले. त्या चित्रपटाच्या राजकीय विचाराशी सहमत नसलेली माणसंही मला भेटली आहेत, ज्यांनी केवळ गाण्याच्या ऋणापोटी झोळीत नोट टाकली होती. मराठीत भेट म्हणजे गाठ पडणं आणि भेट म्हणजे देणगी. हा एकच शब्द दोन्हीकडं चालतो, त्यामागचं शहाणपण मला त्या माणसांनी शिकवलं. चाहता भेटायला जातो तेव्हा तो काही मागायला गेलेला नसतो. मिळालेल्यातलं काही परत द्यायला गेलेला असतो.

इथवर मी बोललो ते पुण्या-मुंबईच्या सभागृहांबद्दल. तळेघरात राहून लिहिताना माझं मन मात्र दुसऱ्याच दिशेला ओढ घेतं.

याच भागात खाली नारायणगाव आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला, विठाबाई इथल्या. मराठी तमाशापटाचं संगीत ज्या लोकांच्या गळ्यातून आणि ढोलकीच्या थापेतून आलं, ते लोक हे. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. त्याचे संगीतकार वसंत पवार. १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. त्याचे संगीतकार मिरजेचे राम कदम. या दोघांच्या चालींवर जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक जत्रेत माणसं नाचली आहेत, लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी त्या वाजवल्या आहेत. पण ‘मी वसंत पवारांना भेटलो होतो’ असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांचं नाव माहीत असलेलेही बोटांवर मोजण्याइतके भेटले. भेटलेली माणसं नव्हती असं कसं म्हणावं? ढोलकीवाले होते, सोंगाडे होते, फडावरच्या बाया होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

माझं म्हणणं इथं आहे. चाहत्यांच्या आठवणी आपण गोड, हळवी गोष्ट म्हणून वाचतो आणि बाजूला ठेवतो. पण संगीतकारानं स्वतःबद्दल फार कमी लिहिलेलं असतं. बाबूजींचं ‘जगाच्या पाठीवर’ हे आत्मचरित्रही अपुरं राहिलं. वाद्यमेळाचे कागद जपलेले नसतात, तालमीची नोंद कुणी केलेली नसते. अशा वेळी जवळून पाहिलेल्या माणसांची आठवण हाच इतिहासाचा कागद उरतो. तो कागद कुणाच्या हातून लिहिला जातो? ज्याच्या हातात लेखणी आहे आणि ज्याचा लेख छापणारं कुणी ओळखीचं आहे, त्याच्या. म्हणून सभागृहातल्या श्रोत्याची आठवण उरते आणि कनातीतल्या श्रोत्याची जाते. २००२ या एकाच वर्षात बाबूजी गेले आणि विठाबाईही गेल्या. विठाबाईंना ज्यांनी फडात, जवळून, वर्षानुवर्षं पाहिलं त्या माणसांचं पाहिलेलं कागदावर किती उतरलं, हा हिशोब आपण एकदा मांडून पाहावा.

आठवणीवर किती विसंबायचं, हा प्रश्न रास्त आहे. गीतरामायणाचं पहिलं गाणं ऐन वेळी हरवलं आणि माडगूळकरांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, ही कथा महाराष्ट्रात अनेकांनी अनेक वेळा सांगितली आहे. सांगणाऱ्यागणिक तिच्यातली मिनिटं बदलतात, दाराला कडी लावणारा हातही कधी बदलतो. यावर उपाय आठवण टाकून देणं हा नाही. उपाय साधा आहे: ‘हे मी पाहिलं’, ‘हे मला सांगितलं’ आणि ‘हे मला वाटलं’ या तीन गोष्टी वेगळ्या लिहिणं. शाळेत प्रयोगवही लिहिणारं पोरही निरीक्षण आणि अनुमान वेगळं लिहितं. आवडत्या माणसाबद्दल लिहिताना ही शिस्त सोडली, तर आपण त्याची आठवण जपत नाही, त्याची पोथी करतो. बाबूजींच्या बाबतीत हा धोका मोठा आहे, कारण रामकथा गाणाऱ्याभोवती भक्तीचं वलय लवकर उभं राहतं. त्या वलयात उपाशी हिंडलेला तरुण दिसेनासा होतो, आणि एका शब्दाच्या उच्चारासाठी अडून बसणारा कारागीरही.

आता पेटीवाल्या बाबांकडे येतो. त्या रात्री त्यांना मी माझ्या अर्ध्या मिनिटाची गोष्ट सांगितली. आणखी काही सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून उलट विचारलं, “बाबा, ही चाल तुम्हाला कुणी शिकवली?”

ते म्हणाले, “रेडिओनं.” तरुणपणी ते हिरडा घेऊन घोडेगावच्या बाजाराला उतरत. तिथं एका दुकानात रेडिओ होता. एकदा हा अभंग लागला. ध्रुवपद डोक्यात राहिलं, अंतरा निसटला. गाणं परत कधी लागेल हे कुणाच्या हातात नव्हतं. मग बाजारच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून राहायचं. कधी हिरड्याचं वजन चालू असताना गाणं लागायचं आणि तराजू सोडता यायचा नाही. पहिला अंतरा बसायला एक पावसाळा गेला, दुसऱ्याला त्याहून जास्त. दरवेळी जेवढं हाती लागलं तेवढं गुणगुणत चढ चढायचा, म्हणजे घरी पोचेपर्यंत सांडत नाही. “एक जागा अजून बरोबर बसली नाही,” असं म्हणत त्यांनी पेटीवर ती जागा दोनदा वाजवून दाखवली. त्यांना हवी तशी ती तेव्हाही आली नाही.

मी रांगेत उभा राहून बाबूजींना भेटलो. बाबा त्यांना कधी भेटले नाहीत. पण एका चालीच्या एका जागेशी पन्नास वर्षं झटणारा हा माणूस संगीतकाराच्या कामाला जेवढा भिडला, तेवढा मी भिडलो नाही. संगीतकार असतो तो त्या जागेत. तिथं जो पोचला त्याचीही भेट झाली, असंच मी मानतो. म्हणून ज्यांच्याकडे सही आहे, फोटो आहे, त्यांच्याइतकाच हक्क रेडिओच्या पायरीवर बसलेल्यांचा आहे, आणि त्यांच्या आठवणीही त्याच मानानं लिहिल्या गेल्या पाहिजेत.

१९५५ साली वीस वर्षांचा असलेला श्रोता आज नव्वदीत आहे. फार वेळ उरलेला नाही. या दिवाळीत घरी जाल तेव्हा घरातल्या, गल्लीतल्या, वाडीवरच्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. ‘कोणाला भेटलात’ एवढंच विचारून थांबू नका. ते गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलं, कुणाच्या रेडिओवर, कोणत्या तंबूत, शेजारी कोण होतं, चाल कशी पाठ केली, हे विचारा. सांगतील तसं, त्यांच्या बोलीत लिहा. खाली तारीख आणि गावाचं नाव घाला. आणि भजनात, जत्रेत, लग्नात एखादी चाल वाजली, तर ती कुणाची, हे शेजारच्या पोराला एकदा सांगा.

त्या रात्री घरी येऊन मी बाबांची हकीकत वहीत उतरवली. वर तारीख घातली आणि गावाचं नाव लिहिलं: तळेघर.