पेशींचे भेद आणि उच्चनीचभाव

दोन वस्तूंतील भेद ओळखणें हें बुद्धीचें पहिलें काम होय. परंतु भेद ओळखतांच एकीस वरच्या पाटावर व दुसरीस खालच्या पाटावर बसविण्याची जी घाई मनुष्यास होते, ती बुद्धीच्या सांगण्यावरून होते कीं अहंकाराच्या, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. निसर्गांतच उच्चनीच आहे, मग समाजांत तें असल्यास बिघडलें कोठें, असा युक्तिवाद चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकला आहे. या युक्तिवादांत निसर्गाला साक्षीस बोलाविलेलें असतें. पण त्याची जबानी घेण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाहीं. ती घ्यावयाची तर सजीवांच्या मूळ घटकाची, म्हणजे पेशीची, घेणें इष्ट. कारण श्रेष्ठ व कनिष्ठ हीं विशेषणें येथेंही सढळ हातानें वापरण्यांत आलीं आहेत.

रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाच्या पातळ कापांत सूक्ष्मदर्शकाखालीं कप्पे पाहून त्यांस खोली या अर्थाचें नांव दिलें. १८३८-३९ मध्यें श्लायडेन व श्वान यांनीं वनस्पति आणि प्राणी या दोहोंचींही शरीरें पेशींचींच घडलेलीं आहेत असें प्रतिपादन केलें. पुढें पेशींचे दोन ठळक प्रकार दिसून आले. एका प्रकारांत वंशसूत्रांभोवतीं पटल असून त्याचें स्वतंत्र केंद्रक बनलेलें असतें; शिवाय आंत निरनिराळीं कामें वांटून घेतलेलीं अंगकें असतात. वनस्पति, प्राणी, बुरशी व अमीबा यांच्या पेशी या जातीच्या. दुसऱ्या प्रकारांत असें केंद्रक नसतें. वंशसूत्र पेशीरसांतच गुंडाळून पडलेलें असतें आणि पेशीही बहुधा पहिलीच्या दहाव्या हिश्श्याएवढीच असते. जीवाणु या प्रकारांत येतात. १९२५ सालीं शातों या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें या दोहोंना जीं नांवें दिलीं, तींच आपल्याकडे दृश्यकेंद्रकी व आदिकेंद्रकी अशीं रूढ झालीं आहेत.

आतां या दुसऱ्या वर्गाच्या व्याख्येकडे पाहूं. १९६२ सालीं स्टेनियर व व्हान नील यांनीं ती व्यवस्थित मांडली, तेव्हां तिच्यांतील पहिलें लक्षणच अभावाचें होतें: केंद्रकाला वेढणारें पटल नसणें. एखाद्याची ओळख त्याच्यापाशीं काय नाहीं यावरून करून देणें सोयीचें असतें, पण तींत ओळख होते ती सांगणाराची अधिक. आपली वाणी ज्यांस येत नाहीं ते सारे म्लेंच्छ, असें आपले पूर्वज म्हणत. पण म्लेंच्छ म्हणविले गेलेले लोक काय एका कुळांतले होते? पेशींच्या बाबतींत नेमकें हेंच उघडकीस आलें. १९७७ सालीं कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनीं, पेशींत प्रथिनें तयार करणाऱ्या रायबोसोममधील आर.एन.ए.ची तुलना केली, आणि केंद्रकहीन म्हणून एकाच कोठडीत कोंबलेल्या जीवांत दोन अगदीं भिन्न कुळें आहेत असें त्यांस आढळलें. त्यांतील एक जीवाणूंचें, दुसरें आर्कियांचें. आर्किया उकळत्या झऱ्यांत, मिठागरांत, दलदलींत आणि गाईच्या पोटांतही राहतात. आणि वंशसूत्रावरील मजकूर वाचण्याची त्यांची यंत्रणा जीवाणूंपेक्षां आपल्या यंत्रणेशीं अधिक जुळते. १९९० पासून म्हणूनच सजीवांचीं दोन नव्हे, तीन महाकुळें मानण्याचा प्रघात पडला.

केंद्रक हें थोरवीचें चिन्ह मानावें, तर आपल्याच रक्ताची पंचाईत होते. आपल्या शरीरांतील पेशींत संख्येनें सर्वांत अधिक अशा ज्या तांबड्या रक्तपेशी, त्या पक्व होतांना आपलें केंद्रक टाकून देतात, आणि त्याशिवायच सुमारें १२० दिवस प्राणवायु वाहून नेण्याचें काम करतात. त्यांस कोणी कनिष्ठ म्हणत नाहीं. आकार हें चिन्ह मानावें, तर २०२२ सालीं वर्णिलेला, ग्वादलूपच्या खारफुटींत सांपडलेला एक जीवाणु सुमारें १ सेंटिमीटर लांब आहे, व त्याच्या वंशसूत्रांभोवतीं पटलाच्या पिशव्याही आहेत.

याहून विलक्षण गोष्ट वंशावळीची. आपल्या पेशींत शक्ति निर्माण करणाऱ्या ज्या तंतुकणिका, त्यांचें स्वतःचें वेगळें वंशसूत्र असतें, आणि तें जीवाणूंच्या वंशसूत्राशीं नातें सांगतें. तंतुकणिका व वनस्पतींतील हरितलवकें हीं एके काळीं स्वतंत्र जीवाणु होतीं, हें मत लिन मार्ग्युलिस यांनीं १९६७ सालीं नव्यानें मांडलें, तेव्हां तें पुष्कळांना पटलें नाहीं. आज तें सर्वमान्य झालें आहे. ज्या यजमान पेशींत तो जीवाणु शिरला, ती आर्कियांच्या कुळांतली असावी, या मताला २०१५ पासून उत्तर ध्रुवसमुद्राच्या तळच्या गाळांतून मिळालेल्या पुराव्यानें मोठें बळ आलें आहे. म्हणजे दीड अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीं दोन "कनिष्ठ" पेशींनीं जो संसार थाटला, त्याच संसाराला आपण "श्रेष्ठ पेशी" म्हणत आलों!

यावर कोणी विचारील, वटवृक्ष, हत्ती आणि विचार करणारा मनुष्य हे सारे केंद्रकधारी पेशींतूनच निघाले ना? हा आक्षेप खरा आहे व तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. रचनेची गुंतागुंत व तिच्यांतून उमललेलीं सामर्थ्यें त्या पेशींत निःसंशय अधिक आहेत. परंतु सामर्थ्य हें नेहमीं कशाचें तरी सामर्थ्य असतें. जेथें केंद्रकधारी पेशी शिजून जाईल, तेथें कांहीं आर्किया सुखानें वाढतात. हवेंतील नत्र पकडून तुरीच्या मुळावरील गांठींत तो पिकाला देणारे जीवाणूच असतात. आपल्या घरचें विरजणही तेच लावतात. मोजपट्टी कोणती घ्यावी हें आधीं ठरल्याशिवाय उंची सांगतां येत नाहीं, आणि मोजपट्टी निवडणारा जर मोजला जाणाऱ्यांपैकींच एक असेल, तर निकाल काय लागणार हें सांगावयास नको.

तथापि उलट बाजूची चूकही करूं नये. पेशींच्या अभ्यासावरून निसर्ग समता शिकवितो असें म्हणणेंही तितकेंच निराधार आहे. जीवाणु नत्र देतात तसे पटकी आणि क्षयही देतात. निसर्गांत भेद आहेत, नातीं आहेत, सहवास आहे आणि भक्षणही आहे. श्रेष्ठ व कनिष्ठ हे शब्द मात्र तेथें लिहिलेले आढळत नाहींत. तेव्हां कोणास पंक्तींतून उठवावयाचें असेल, तर तें "निसर्गच असा आहे" या सबबीखालीं करतां येणार नाहीं, आणि कोणास शेजारीं बसवावयाचें असेल, तर त्यासाठीं पेशीच्या परवानगीची गरज नाहीं. त्या निर्णयाची जबाबदारी सर्वस्वीं आपली आहे, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलतां येत नाहीं एवढेंच या सूक्ष्म जीवांच्या जबानीवरून सिद्ध होतें.