नामाला खोटी साक्ष नको

॥ राम कृष्ण हरि ॥

धर्माबाद हे गाव नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, तेलंगणाला लागून आहे. त्या गावाचे नावच पाहा. ‘धर्म’ शब्द संस्कृत, ‘आबाद’ शब्द फारसी. दोन घरची दोन माणसे, पण एका नावात सुखाने नांदत आहेत. तेथील मिरचीच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा तिन्ही बोली एकाच वेळी कानी पडतात. अशा गावी शब्दाविषयी बोलायचे म्हणजे जपून बोलावे. आम्ही जपलो नाही, त्याची ही हकीकत आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात आमचे कीर्तन होते. निरूपण नाममहिम्याचे. बोलता बोलता रंग चढला आणि आम्ही म्हणून गेलो, “फारसीत राम आहे, तेलुगूत राम आहे, हिब्रूत राम आहे, इंग्रजीतही राम आहे! सगळ्या जगाने हा शब्द आमच्याकडूनच नेला!” टाळ्या झाल्या, मृदंगावर थाप पडली. आम्हांसही बरे वाटले. खोटे कशाला सांगा?

कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी माउली पाया पडायला आली. माहेर तिचे तेलुगू मुलखातले. ती हसत म्हणाली, “म्हाराज, तुमी म्हनलाव समद्यांचा राम एकच. पन आमच्या माहेरी लेकरं रुसली की म्हनतात, ‘मेमु रामु’. म्हंजी आमी येनार न्हाई! त्यो राम कोनता वो?”

आम्ही निरुत्तर झालो. तेलुगूत ‘रा’ म्हणजे ‘ये’. ‘नेनु रानु’ म्हणजे मी येणार नाही, ‘मेमु रामु’ म्हणजे आम्ही येणार नाही. देव राम त्या भाषेत ‘रामुडु’ होतो. त्याचा आणि रुसलेल्या लेकराच्या ‘रामु’चा काडीचा संबंध नाही.

येथवर हसण्यावारी गेले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात दोन शाळकरी पोरांची भांडणे लागली. एक दुसऱ्याला म्हणत होता, “तुमची तेलुगू आमच्यातूनच चोरलेली हाय, महाराजच म्हनले!” दुसऱ्याचे डोळे भरून आले होते. आईची भाषा चोरीची म्हटली, तर कोणाला लागणार नाही? सज्जनहो, नारदाच्या गादीवरून सुटलेला एक शब्द रात्रीत कोठवर गेला पाहा. नामाचा महिमा गाण्यास उभे राहिलो आणि एका लेकराला रडवून बसलो.

त्या दिवशी आम्ही पाठशाळेत शिकलेले व्याकरण पुन्हा आठवू लागलो. मिरचीचा जाणता व्यापारी नुसता लाल रंग पाहून माल घेत नाही, फोडून पाहतो. तसा हा शब्द आम्ही फोडून पाहिला.

आपला ‘राम’ हा ‘रम्’ धातूचा. धातुपाठात त्याचा अर्थ क्रीडा करणे, रमणे असा दिला आहे. वेदकाळच्या भाषेत ‘राम’ म्हणजे ‘काळा’ असाही अर्थ आहे, आणि ‘राम्या’ म्हणजे रात्र. येथे आमच्या जिभेवर लगेच आले की आमचा विठोबाही काळाच! पण जीभ आवरली. कालचीच खोड ती.

फारसीत ‘राम’ म्हणजे शांत झालेला, वश झालेला. उर्दूत ‘राम करना’ म्हणजे बुजलेल्या जनावराला किंवा रुष्ट माणसाला आपलेसे करणे. हा शब्द मात्र खरोखर आपल्या नात्यातला आहे. इराणच्या प्राचीन अवेस्ता भाषेत ‘रामन्’ म्हणजे शांती, आणि त्याचे मूळ व आपल्या ‘रम्’चे मूळ एकच. पण त्यांनी आपल्याकडून नेला असे नव्हे. एका आजीच्या दोन नाती, कोणी कोणाच्या घरून चोरली नाही.

हिब्रूचा ‘राम’ वेगळा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेले बेने इस्रायली लोक प्रार्थनेत हिब्रू वापरतात. त्या भाषेत ‘राम’ म्हणजे उंच, थोर. त्याचा धातू निराळा, कूळ निराळे. इंग्रजीत ‘रॅम’ म्हणजे मेंढा. आणि नातवंडे मोबाईल घेताना ज्या रॅमची चौकशी करतात, तो तर इंग्रजीच्या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून केलेला. त्याला धातूच नाही!

बाहेरचे सोडा, घरातही फसगत आहे. ‘विश्राम’ शब्दात राम आहे असे आम्ही कितीदा सांगितले असेल. कानाला तो ऐकू येतो खरा, पण तेथे धातू ‘श्रम्’ आहे. ‘ग्रामा’तही राम ऐकू येतो, तोही कानापुरताच. ‘विराम’ मात्र खरा ‘रम्’चा. पाणिनीने सांगितले आहे की वि, आ, परि हे उपसर्ग लागले म्हणजे ‘रम्’ धातू परस्मैपदी होतो. एरवी ‘रमते’, पण ‘वि’ लागला की ‘विरमति’, म्हणजे थांबतो. मन संसारात रमते आणि हरीच्या पायी विराम पावते, असे आम्ही यावर म्हणू. पण हे म्हणणे कीर्तनकाराचे, पाणिनीचे नव्हे. ही दोन खाती वेगळी ठेवावीत. भावाचा अर्थ भावाच्या खात्यावर, शब्दाचा अर्थ शब्दाच्या खात्यावर. आम्ही त्या रात्री एका खात्याची रक्कम दुसऱ्यात लिहिली.

आता कोणी विचारील, महाराज, राम म्हणजे कोठे मेंढा, कोठे ‘येणार नाही’, मग नामाचे सामर्थ्य ते काय राहिले? बाबांनो, नामाचे सामर्थ्य कोशात नाही, हाकेत आहे. वाल्या कोळ्याची कथा आपण सांगतो. तो ‘मरा मरा’ म्हणत होता. शब्दाचा अर्थ भलताच, पण हाक पोचली. अजामिळाने ‘नारायण’ म्हटले ते पोटच्या पोराला, तेही पोचले. बोबडे पोर आईला काय वाटेल ते म्हणते, आई कोश उघडून बसत नाही, धावत येते. हे जर खरे, तर सगळ्या जगाच्या भाषा ओढून आणून रामाच्या बाजूने उभ्या करण्याचे कारणच काय? ज्याची बाजू खरी, त्याने खोटा साक्षीदार आणू नये. आणला की खऱ्या बाजूचाही विश्वास जातो.

संतांची रीत याहून निराळी. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबात ज्या गुरू ग्रंथसाहिबाची पूजा होते, त्यात आमच्या नामदेवरायांची 61 पदे आहेत. त्यांत राम आहे, विठ्ठल आहे, आणि करीम, रहीम अशीही हाक आहे. करीम हा शब्द रामापासून निघाला असे सिद्ध करीत नामदेवराय बसले नाहीत. ज्या भाषेत हाक मारायची, त्या भाषेचा मान राखून मारली. पैठणी नाथमहाराजांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला, त्यातही दोघे आपापल्या बोलीत बोलतात.

आणि वाग्देवता तरी कोठे आहे? धर्माबादेहून जवळच, सीमेपलीकडे बासरला. गोदाकाठच्या त्या ज्ञानसरस्वतीपुढे आपली मराठी लेकरेही अक्षराभ्यासाला नेतात. 1956 साली भाषावार प्रांत झाले, 2014 साली तेलंगण राज्य झाले, पण सरस्वतीच्या पायरीवर कोणाची भाषा मूळची, कोणाची उसनी, असे कोणी विचारत नाही.

असो. काल्याच्या कीर्तनात आम्ही हात जोडून सांगितले, “परवा आम्ही चुकीचे बोललो. तेलुगूचा ‘रामु’ आमचा नाही, तो त्यांचा आहे. आम्ही त्यांचे काही दिले नाही, त्यांनी आमचे काही नेले नाही.” त्या पोराला जवळ बोलावले आणि म्हटले, “बाळा, देवाला तुझ्या आईच्या भाषेत हाक मार.” त्याने थोडे लाजत म्हटले, “रा, रामा, रा!” म्हणजे ये, रामा, ये. मंडपातली म्हातारी माणसे डोळे पुसू लागली. त्या दिवशी टाळ्या नव्हत्या.

आपल्याकडे बोलण्यात ‘राहा’चे ‘रा’ होते. तिकडे ‘रा’ म्हणजे ये, इकडे ‘रा’ म्हणजे राहा. हे दोन शब्द एक नाहीत, त्यांचे नातेही नाही, हे आम्ही आता आधीच सांगून ठेवतो. पण देवाला दोन्ही सांगायचे आहेत. त्या लेकराने ‘ये’ म्हटले, आम्ही ‘राहा’ म्हणतो.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥