पहिल्या पगाराचा हिशेब

जून-जुलैत आमच्या शाखेतल्या कर्ज विभागासमोरच्या बाकावर बाप-लेक बसलेले असायचे. बापाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात सातबारा, पगारपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कॉलेजचं शुल्कपत्रक. मुलाच्या हातात मोबाईल. त्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसलो. प्रश्न विचारायचो ते बापाला. मुलाला म्हणायचो, "इथे, इथे आणि मागच्या पानावर सही कर." कागदोपत्री कर्जदार मुलगाच असतो, बाप सहकर्जदार. तरी शिकून झाल्यावर दरमहा किती हप्ता बसेल हे मुलाने कधी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आज ही खंत मला फार जाणवते.

आपल्या घरांत शिक्षणासाठी काढलेलं कर्ज हा व्यवहार समजला जात नाही, त्याग समजला जातो. पीककर्ज काढताना हाच बाप पै-पैचा हिशेब करतो. एकरी उतारा किती, भाव काय फुटेल, विहिरीला पाणी कुठवर पुरेल, सगळं बघतो. पोराच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की म्हणतो, "साहेब, तुम्ही फक्त द्या, फेडायचं आमचं आम्ही बघतो." हिशेब मांडला तर पोरावर विश्वास नाही असा अर्थ होईल, ही भीती त्यामागे असते. मला ती भीती कळते. पण त्या न मांडलेल्या हिशेबाचं ओझं पुढे त्याच पोराच्या मानेवर येतं.

म्हणून आकडे इथेच मांडतो. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी २ लाख, असं एकूण ८ लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नसला तरी व्याज मात्र पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चालू होतं. ही गोष्ट निम्म्याहून अधिक घरांना शेवटपर्यंत कळलेली नसते, असा माझा अनुभव आहे. त्या पाच वर्षांत सरळ व्याजानेच २ लाख ८० हजार चढतात. परतफेड सुरू होते ती १० लाख ८० हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण १४,२७० रुपये, आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत एकूण १७ लाख १३ हजारांच्या आसपास गेलेले असतात. मुदत पंधरा वर्षांची केली की हप्ता ११,६०० वर येतो आणि घराला हायसं वाटतं. एकूण रक्कम मात्र २० लाख ८९ हजारांवर जाते.

आता हा हप्ता कशातून जाणार? कॉलेजच्या गेटवर फलक असतो. त्यावर एका मुलाचा फोटो आणि खाली पॅकेजचा डोळे दिपवणारा आकडा. त्या मुलाचं कौतुक जरूर करावं, पण कर्ज त्याच्याकडे बघून काढू नये. वर्गातली शंभर मुलं पगाराप्रमाणे रांगेत उभी केली, तर पन्नासाव्या मुलाला काय मिळालं? आणि किती जणांच्या हाती काहीच आलं नाही? विचारायचं ते हे, आणि प्लेसमेंट विभागापेक्षा मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांना विचारायचं. सांगितलेल्या पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा पीएफ असतो, बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, तेव्हा हातात येतं ते त्याहून कमीच. समजा, पन्नासाव्या मुलाच्या हातात २८ हजार येतात. पुण्यात खोलीभाडं, मेस, येणं-जाणं, घरी थोडेफार पाठवायचे, आणि त्यातून १४ हजारांचा हप्ता. हे जमत नाही.

पहिल्या पगाराच्या पावभागापेक्षा हप्ता मोठा असू नये, असं माझं मत बनलं आहे. २८ हजारांचा पाव म्हणजे ७ हजार. उलट गणित केलं तर उचलायचं मुद्दल ४ लाखांच्या आसपास येतं. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेतही ४ लाखांपर्यंत ना तारण, ना त्रयस्थ जामीनदार. साडेसात लाखांच्या पुढे गेलं की घर किंवा जमीन अडकवायची वेळ येते. सातबाऱ्यावर बोजा चढला की ते कर्ज एकट्या मुलाचं राहत नाही, धाकट्या भावंडांचंही होतं.

म्हणून कर्जच नको, असं मी म्हणत नाही. कर्जाला भिऊन हातची जागा सोडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांत मुली जास्त. मुलासाठी जमीन गहाण टाकणारं घर मुलीच्या वेळी विचारतं, "लग्नानंतर हप्ते कुणी भरायचे?" मग ती तालुक्यातच बीए करते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शुल्क भरण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये आरक्षित आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांसाठी घेतला. चांगलं झालं. तरी शहरातली खोली आणि मेस उरतेच, आणि ती थोडक्या कर्जात भागू शकते. बँकेला भिऊन महिना शेकडा तीन रुपयांनी सावकाराकडे जाणाऱ्या घरांबद्दल तर काय बोलावं? ते वर्षाला ३६ टक्के होतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचं साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये अशी त्यांनी तजवीज केली होती. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी स्वतःची शिल्लक, मग मिळेल ते साहाय्य, आणि कमी पडलं तेवढंच उसनं. आज आपण उलटं करतो. आधी कर्ज मंजूर करून घेतो आणि शिष्यवृत्तीचं नंतर बघू म्हणतो. महाडीबीटीवरचा अर्ज मुदतीत भरला नाही म्हणून निम्मं शुल्क गमावलेली घरं थोडी नाहीत. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण दाखला वेळेत हवा, आणि कर्ज योजनेत बसणारं हवं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एसटीतले एक कंडक्टर बायको-मुलासह आले. उत्पन्न व्याजमाफीच्या मर्यादेच्या थोडं वर, मागणी ८ लाखांची. या वेळी मी फॉर्म बाजूला ठेवला आणि कोरा कागद मुलासमोर सरकवला. म्हटलं, शिकत असल्यापासून हप्ता सुरू होईपर्यंत दरमहा व्याज भरत गेलात तर शेवटी दीड लाखाहून जास्त वाचतात. पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७ रुपये. आईने विचारलं, "आणि दुसऱ्या वर्षी?" ३,३३३. मुलाने मोबाईलवर पुढचे आकडे स्वतः काढले. चौथ्या वर्षाचे ६,६६७ आले तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग बापाला म्हणाला, "पप्पा, फॉर्म आज नको. मी आधी त्या कॉलेजच्या दोन-तीन पोरांना फोन लावतो."

चौथ्या दिवशी तिघं परत आले. ८ लाखांचे साडेपाच झाले होते. होस्टेल आणि मेस वगळून मुलगा चिंचवडला आत्याकडे राहणार होता. चार वर्षं नणंदेकडे पोराला ठेवायचं हे आईला फारसं रुचलेलं दिसलं नाही. पण आकडा मुलाने काढला होता, आणि अर्जही या वेळी त्यानेच भरला.