कृत्रिम दात आणि देहाची मालकी

किडलेली दाढ चोहोबाजूंनी घासून तिच्यावर धातूची वा चिनी मातीची कॅप सिमेंटने कायमची बसविली, म्हणजे तो दात देहाचा अवयव मानावा की देहावर ठेवलेली वस्तू, हा प्रश्न दंतवैद्याला पडत नसला तरी धर्मशास्त्रांना टाळता आलेला नाही. कारण शुद्धी आणि अंत्यसंस्कार या दोन्ही प्रसंगी देहाची सीमा कोठे संपते, याचा निवाडा त्यांना द्यावाच लागतो. इ. स. पूर्व ४५०च्या सुमारास रोमच्या द्वादश-फलक कायद्याने प्रेताबरोबर सोने पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली, परंतु सोन्याने बांधलेले दात त्या मनाईतून वगळले. स्नानात तोंडाच्या आतही पाणी पोचले पाहिजे, असा हुकूम मानणाऱ्या इस्लाममधील हनफी विधिज्ञांनी साधारणतः काढता येणारी कवळी परकी ठरविली आणि जागेवर पक्का बसलेला दात मूळ दातासारखाच गणला. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या या दोन परंपरांनी द्रव्याकडे न पाहता वहिवाटीकडे पाहिले, आणि मला तो न्याय यथार्थ वाटतो.

शरीरशास्त्रही त्याला दुजोरा देते. रूट कॅनाल करताना दाताची नस काढून टाकलेली असली, तरी घास कठीण आहे की मऊ हे कॅपखालच्या त्या दाढेला समजते. कारण दाबाची ती जाणीव मुख्यत्वे मूळ आणि जबड्याचे हाड यांना सांधणाऱ्या सूक्ष्म तंतूंत वसलेली असते, आणि निर्जीव कवचावर पडलेला भार त्या सजीव तंतूंपर्यंत सुखरूप पोचतो.

वेदान्ती यावर म्हणेल की मूळ दात तरी तुझा कोठे होता? तोही अन्नमय कोशाचाच अंश. दुधाचे दात पडले तेव्हा तू शोक केला नाहीस. हे खरे आहे. पण या उत्तराने मालकी सुटली तरी जबाबदारी सुटत नाही, आणि ती पडलेल्या दाताची जागा भरणाऱ्या ब्रिजच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. ब्रिजमधल्या मधल्या दाताला मूळ नसते. त्याचा सारा भार शेजारचे दोन दात वाहतात, आणि त्यासाठी ते, प्रसंगी पूर्ण निरोगी असतानाही, घासावे लागतात. एकदा गेलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. दक्षयज्ञात दात गमावलेल्या पूषा या देवाने यजमानाच्या दातांनी खावे, अशी व्यवस्था भागवतात सांगितली आहे. तेथे यजमानाचे दात केवळ उसने घेतले जातात, येथे मात्र शेजाऱ्यांना कायमची झीज सोसावी लागते. देह ही ईश्वराची ठेव आहे असे ज्याची श्रद्धा सांगते, त्याने शेजारचे दात निरोगी असताना हाडात रोवायच्या इम्प्लांटचा वा साध्या काढघालीच्या दाताचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. ते दात आधीच किडलेले वा मोठ्या भरावाने कमकुवत झालेले असतील आणि त्यांना कॅपची गरज असेलच, तर मात्र ब्रिजसाठी त्यांना घासण्यात मला कोणताही अधर्म दिसत नाही.