गिऱ्हाईक निघून जातं तेव्हा



मागच्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि घरी निघता निघता एका गुरुबंधूंनी विषय काढला. आपण त्यांना नुसतं काका म्हणू. काकांनी बडोद्याच्या एका मोठ्या कारखान्यात 31 वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्तीनंतर ते स्वतंत्र सल्लागार झाले. मकरपुरा, नंदेसरी या भागातल्या छोट्या कारखान्यांना वाफ आणि इंधन कसं वाचवायचं ते सांगतात.

एका पार्टीनं त्यांना बोलावलं. इंधनाचं बिल वाढलंय, नवा बॉयलर घ्यायचा आहे, तुम्ही फक्त शिफारस लिहून द्या. काकांनी तीन दिवस सगळी लाइन फिरून पाहिली. बॉयलर ठणठणीत होता. वाफ आत अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे जे स्टीम ट्रॅप असतात, ते निम्म्याहून जास्त गळत होते. पाइपांवरचं आवरणही जागोजागी फाटलेलं. काकांनी लिहून दिलं की नवा बॉयलर नको, आधी ही गळती थांबवा. बॉयलर विकणाऱ्यानं देऊ केलेलं कमिशनही घेतलं नाही. मालकांनी फी दिली, चहा पाजला, आणि नंतर कधी फोन केला नाही. पुढे कानावर आलं की दुसऱ्या कुणाच्या शिफारशीवर नवा बॉयलर बसलासुद्धा.

काका म्हणाले, "खोटं लिहिलं असतं तर दोन्हीकडून पैसे आले असते. खरं लिहिलं आणि काम गेलं. आता सकाळी उठून नव्या माणसाला फोन करायला हातच उचलत नाही. माउली सांगतात सचोटीनं वागा. वागलो. पण त्यानंतरची उमेद कुठून आणायची?"

आमच्याकडे तयार उत्तरं होतीच. फळाची आशा सोडा, कर्म करत राहा. पण खरं सांगायचं तर आपलं पेन्शन किंवा पगार चालू असताना, ज्याच्या घरी या महिन्याची फी आलेली नाही त्याला निष्काम कर्म ऐकवणं फार सोपं असतं. म्हणून आम्ही गप्प बसलो.

आमच्यापैकी काहीजण रविवारी सकाळी कमाटीबागेत चालायला जातो. तिथे पुन्हा हाच विषय निघाला, आणि बोलता बोलता याच बागेत बसलेला एक माणूस आठवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ती हकीकत आपल्या गावाची आहे, म्हणून आपल्याला नीट माहीत असायला हवी. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. करारात दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची अट होती. ती पाळायला ते 1917 च्या सप्टेंबरात इथे आले. कचेरीत शिपाई लांबूनच फायली टाकत. राहायला जागा कुणी देईना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात, वहीत पारशी नाव लिहून, त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि त्याच दिवशी जागा सोडायला लावली. ओळखीच्या दोघांकडे विचारून पाहिलं, तिथेही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी या कमाटीबागेत काढले. आज बागेच्या परिसरात संकल्पभूमी आहे, आणि 23 सप्टेंबरला दरवर्षी लोक तिथे जमतात.

इथपर्यंतचं पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं कमी सांगितलं जातं, आणि काकांच्या प्रश्नाशी त्याचाच संबंध आहे. मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी पोटासाठी शिकवण्या केल्या, आणि शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारं एक छोटं कार्यालय उघडलं. आजच्या भाषेत स्वतंत्र कन्सल्टंट. विषय त्यांचाच होता, अर्थशास्त्र. सुरुवातीला गिऱ्हाईक येऊ लागलं. मग सल्ला देणारा महार आहे हे समजलं, आणि गिऱ्हाईक यायचं थांबलं. कार्यालय बंद करावं लागलं.

आधीच सांगतो, बाबासाहेबांचा तो अपमान आणि आपली बुडालेली फी एका तराजूत घालायची नाही. आपल्याला काम मिळालं नाही तर दुसरं मिळतं. त्यांना त्यांच्या जन्मावरून नाकारलं गेलं. पण मोठ्या माणसाच्या मोठ्या दुःखातून आपल्या लहान प्रश्नाला वाट दिसली, तर ती घ्यावी.

पहिली गोष्ट आम्हाला ही दिसली. पार्टी निघून गेली की आपल्याला वाटतं, आपल्या कामावर निकाल लागला. तसं दरवेळी नसतं. मुंबईचं ते गिऱ्हाईक गेलं ते सल्ला चुकला म्हणून नव्हे. म्हणून माणूस गेला की स्वतःला आधी एकच विचारावं, माझा सल्ला चुकला होता का? चुकला असेल तर मान खाली घालून शिकावं. चुकला नसेल तर त्याचं जाणं हा त्याचा निर्णय. त्याचं दुःख करावं, पण तो आपला निकाल समजू नये. उमेद खचते ती बहुतेक वेळा या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे.

दुसरी गोष्ट त्यापुढची. 1918 साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पैसे साठवले, आणि 1920 साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. तिथे रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. सरकारच्या चलनधोरणावर त्यात कडक टीका होती. चरित्रकार लिहितात, की परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितला. बाबासाहेबांनी मांडणी सौम्य केली, निष्कर्ष मात्र तेच ठेवले. 1923 साली तो ग्रंथरूपानं निघाला. प्रा. एडविन कॅनन यांना त्यातली बरीच मतं पटत नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. आणि 1925 साली, भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे, बाबासाहेबांनी साक्ष दिली. मुंबईच्या गिऱ्हाइकाला ज्याचा सल्ला नको होता, त्याचं म्हणणं आता देशाच्या चलनाबद्दल ऐकलं जात होतं.

यात सल्लागारासाठी सगळा धडा आहे. भाषा मवाळ करता येते, करावीही. निष्कर्ष मवाळ करता येत नाही. आणि उमेद गिऱ्हाइकाकडून उसनी आणायची नसते, कारण उसनं आणलेलं तो कधीही परत मागतो. कार्यालय बंद झालं तरी विषय बाबासाहेबांचा होता, अभ्यास त्यांचा होता, अर्धं राहिलेलं काम त्यांचं होतं. ते कुणाला काढून नेता आलं नाही.

हे सगळं लिहून आम्ही थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण आमच्यातल्या एका ताईंनी विचारलं, "ते निघून गेलेलं गिऱ्हाईक कोण होतं हो? आणि लांबून फायली टाकल्या जायच्या, त्या कचेऱ्यांत काम कोण करत होतं?" कुणाला उत्तर देता येईना. गायकवाडी कचेऱ्यांत आपल्यापैकी कितीतरी घरांचे पणजोबा होते. त्यांतलं त्या दिवशी कोण तिथे होतं, कोण नव्हतं, ते आता कळणार नाही. पण या गोष्टीत आपण स्वतःला आपोआप सल्लागाराच्या खुर्चीत बसवलं होतं. आपल्या पिढ्या बहुधा समोरच्या खुर्चीत होत्या.

आणि आजही आपण जास्त वेळ त्याच खुर्चीत असतो, नाही का? डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, तर आपल्याला वाटतं यांना काही कळत नाही. सीए म्हणाले हा खर्च दाखवता येणार नाही, तर आपण सीए बदलतो. शिक्षकांनी मुलाबद्दल खरं सांगितलं तर क्लास बदलतो. कुणाच्या आडनावावरून त्याची हुशारी आपण आजही मनात मोजतो, तोंडानं म्हणत नाही इतकंच. माउलींकडेसुद्धा आपण प्रश्न घेऊन जातो, पण 'हो' हे उत्तर घरूनच ठरवून नेतो. खरं सांगणाऱ्याची सचोटी सगळ्यांना दिसते. खरं ऐकून घेणाऱ्याचीही सचोटी असते, आणि ती नसेल तर काकांसारखी माणसं हळूहळू गप्प होतात. मग आपल्याला सल्ला द्यायला फक्त कमिशन घेणारे उरतात.

या गुरुवारी काका पुन्हा भेटले. आम्ही हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सल्ला चुकला नव्हता. पण अहवाल चौदा पानांचा होता. गळतीत महिन्याला किती रुपये जातात ते अकराव्या पानावर होतं. मालक तिथपर्यंत पोहोचलेच नसतील." पुढच्या अहवालात तो आकडा पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत लिहायचं त्यांनी ठरवलं आहे. ती पार्टी परत आलेली नाही. पण सोमवारी सकाळी त्यांनी दोन नव्या ठिकाणी फोन केले.

आपण सर्वांनी या आठवड्यात एवढंच करावं. आपल्याला न आवडणारं पण खरं कुणी सांगितलं असेल, डॉक्टर, वकील, मिस्त्री, घरातली सून, कुणीही, त्यांना फोन करून म्हणावं, तुमचं बरोबर होतं. शक्य झालं तर घरच्या ग्रुपवर नाही, त्यांनाच.

जय गुरुदेव.