मरण कोणाला येते?

मरणासारखी खाजगी गोष्ट दुसरी नाही, असे आपण धरून चालतो. आजारपणात उशाशी कोणी बसलेले असते, संकटात चार माणसे धावून येतात. मरावे मात्र ज्याचे त्याला एकट्यालाच लागते. हे आपल्याला इतके उघड वाटते की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. मला या समजुतीविषयी पहिल्यांदा शंका आली ती एका शब्दकोशामुळे.

फिलिपाइन्समधील सेबू बेट, शेजारचे बोहोल, नेग्रोसचा पूर्व आणि लेतेचा पश्चिम भाग, शिवाय मिंदानावचा मोठा मुलूख, एवढ्या प्रदेशात सेबुआनो भाषा बोलली जाते. ती बोलणारे पुष्कळदा तिला नुसते ‘बिसाया’ म्हणतात. जॉन वूल्फ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या भाषेचा कोश 1972 साली प्रसिद्ध केला. त्याची मांडणी धातूंवरून केलेली आहे. एका मुळापासून फुटलेले सगळे शब्द एकाच ठिकाणी, एका घरातल्या माणसांसारखे बसलेले सापडतात. कोश वाचीत बसण्याची खोड मला जुनी आहे, आणि परक्या भाषेचा कोश हाती आला की मी आधी तिच्यातील मरणाचे शब्द काढून पाहतो. लग्नाच्या शब्दांत लोक थोडेफार मिरवतात. मरणाच्या शब्दांत मिरवावयाला फारशी जागा नसते.

सेबुआनोतील मूळ शब्द ‘पाताय’. ‘पाताय’ म्हणजे मेलेला. ‘नामाताय’ म्हणजे मेला, ‘गिपाताय’ म्हणजे मारला गेला, ‘मिनाताय’ म्हणजे प्रेत, ‘कामातायोन’ म्हणजे मृत्यू. मरणे आणि मारणे या दोहोंचे मूळ एकच. आपल्याकडेही ते तसेच आहे. भर समुद्रात इंजिन बंद पडले तरी ते ‘नामाताय’, आणि काही घोटाळा झाला की सेबूचा माणूस ‘पाताय!’ म्हणून कपाळाला हात लावतो, आपण ‘मेलो!’ म्हणतो तसा. या शब्दाची भावंडे अर्ध्या पृथ्वीवर पसरलेली आहेत. मादागास्करात तो ‘माती’सारखा ऐकू येतो, न्यूझीलंडच्या माओरी लोकांत ‘माते’ होतो, मलायीत तर उघडउघड ‘माती’ होतो. आपल्या मातीशी त्याचे काही नाते नाही. पण खेड्यातला माणूस ‘मातीला जाऊन आलो’ म्हणतो ते आठवून मला हा योगायोग फार आवडला.

एवढ्या उघड्या शब्दाशेजारी मऊ शब्दही आहेत. ‘मिपानाव’ म्हणजे प्रवासाला निघाला, ‘मितालिवान’ म्हणजे पुढे निघून गेला. मृत्यूची बातमी सांगताना, प्रार्थनेत, पत्रात हे शब्द येतात. आपणही ‘गेले’, ‘वारले’, ‘देवाज्ञा झाली’ असे म्हणतोच. मरणाची धार बोथट करून घेतल्याशिवाय ते तोंडावाटे काढता येत नाही, ही माणसाची सर्वत्र सारखी असलेली अडचण आहे, आणि तिला हसण्याचे कारण नाही.

परंतु ज्या शब्दापाशी मी थांबलो तो निराळाच आहे. तो शब्द ‘नामात्यान’. याचेही मूळ तेच, पण याचा कर्ता मेलेला माणूस नव्हे. ‘नामात्यान सी मारिया’ असे म्हटले म्हणजे मारिया जिवंत आहे, आणि तिच्या घरचे कोणी तरी मेले आहे. मारियाचा बाप मेला, हे सांगताना सेबुआनो भाषा मारियाला वाक्याच्या मध्यभागी उभी करते आणि मरणाचे क्रियापद तिला लावते. मराठीत हे जसेच्या तसे सांगता येत नाही. ‘मारिया बापाने मरली गेली’ असे काही तरी वेडेवाकडे बोलावे लागेल. ‘सुतक’ हा आपला शब्द मागे राहिलेल्याला चिकटतो खरा, पण त्यात शिवाशिवीचा विचार आहे. झळ बसल्याचा नाही.

शब्दाच्या शेवटी येणारा ‘आन’ हा प्रत्यय इतर ठिकाणीही हेच काम करतो. ‘नाऊलानान’ म्हणजे ज्याला पावसाने गाठले तो; ‘नागाभियान’ म्हणजे वाटेत ज्याच्यावर रात्र पडली तो; ‘नावाद्‌आन’ म्हणजे ज्याचे काही हरवले तो. त्याच ओळीत ‘नामात्यान’, म्हणजे ज्याच्यावर मरण पडले तो. पाऊस आपल्या मार्गाने पडत असतो, रात्र आपल्या वेळेला होत असते. ती कोणाच्या अंगावर आली, एवढेच या प्रत्ययाला विचारावयाचे असते.

एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने मरणाचे भय घालविण्यासाठी एक युक्तिवाद केला होता. आपण असतो तोपर्यंत मरण आलेले नसते आणि ते आल्यावर आपण उरत नाही. मग दोघांची गाठच पडत नसेल तर भ्यावयाचे कशाला? शेकडो वर्षे पंडितांनी हा युक्तिवाद उलटसुलट तपासला आहे. ‘नामात्यान’ हा शब्द वाचल्यावर मला वाटले की त्यातली उणीव सेबूच्या कोळणीला ठाऊक असावी. एपिक्युरसने मरणाराचा हिशेब केला. तो बरोबरही असेल. पण ज्याची मरणाशी गाठ पडते, पडून ती वर्षानुवर्षे सुटत नाही, तो माणूस त्याच्या हिशेबात आलाच नाही. मरणारा मरून मोकळा होतो. मरण येते ते दाराशी उभ्या असलेल्या बायकोला, आईला, मुलाला. रोजच्या मराठीत बाप गेलेल्या मुलाला ‘पोरका’ हे नाव आहे, नवरा गेलेल्या बाईला नाव आहे. मूल गेलेल्या आईबापांना नाव नाही. ‘नामात्यान’मध्ये ती दोघेही सामावतात.

ही दृष्टी तिथे जुनी असावी. मॅगेलनबरोबर 1521 साली सेबूला आलेल्या पिगाफेत्ता या इटालियन प्रवाशाने तिथले काही शब्द टिपून ठेवले, आणि एका मोठ्या माणसाच्या अंत्यविधीचे वर्णनही केले. प्रेत घरात ठेवलेले आहे, भोवती पांढऱ्या वस्त्रांतील बायका बसल्या आहेत, धूप जळत आहे. एक बाई सुरीने मृताचे केस हळूहळू कापते. त्या वेळी त्याची मुख्य पत्नी त्याच्या अंगावर, तोंडाला तोंड, हाताला हात, पायाला पाय लावून निजलेली असते. केस कापले जात असताना ती रडते. कापणे थांबले की ती गाते. असे पाचसहा दिवस चालते. पिगाफेत्ताने हे सारे नवलाने पाहिले. मी वाचतो तेव्हा मला दिसते की विधी मृताचा असला तरी त्याच्या मध्यभागी ती बायको आहे.

आजच्या चाली ख्रिस्ती आहेत, पण रोख तोच आहे. प्रेत घरी ठेवून जागरण करतात, त्याला ‘हाया’ म्हणतात. शेजारी रात्र रात्र बसतात, पत्तेही खेळतात, आणि खेळातल्या पैशांतून काही भाग काढून घरच्यांच्या हाती देतात. ‘दायोंग’ म्हणजे दांडीला बांधलेले ओझे अनेकांनी मिळून खांद्यावरून नेणे. मर्तिकाच्या खर्चासाठी गावकऱ्यांनी उभारलेल्या वर्गणीच्या मंडळालाही हेच नाव आहे. खांदा द्यावयाचा तो मेलेल्याला नव्हे, मागच्यांना, असा त्याचा अर्थ मी घेतो.

इथेच थांबलो असतो तर हा लेख एका दूरच्या भाषेचे कौतुक झाला असता. पण त्याच भाषेने गेल्या दहा वर्षांत मरणाचा एक नवा शब्द जगाला दिला आहे. ‘तोकतोक’ म्हणजे दार ठोठावणे. ‘हांग्यो’ म्हणजे विनवणी. बाजारात मासळीवालीला ‘थोडे कमी करा ना’ म्हणतात तेही हांग्योच. या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून ‘तोकहांग’ हा शब्द झाला. रोद्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 2016 च्या जुलैत फिलिपाइन्सच्या पोलिसांनी अमली पदार्थांविरुद्ध जी मोहीम देशभर सुरू केली, तिचे हे नाव. पोलिसांनी संशयिताच्या घरी जावे, दार वाजवावे, आणि व्यसन सोड, धंदा सोड अशी विनवणी करावी, असा त्याचा कागदोपत्री अर्थ. 2022 च्या मेअखेरपर्यंत या मोहिमेत पोलिसांच्या हातून मेलेल्यांचा सरकारी आकडाच 6,252 आहे. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटना खरा आकडा याहून पुष्कळ मोठा मानतात. काही महिन्यांतच लोकांच्या तोंडी ‘तोकहांग’चा अर्थ ठार करणे असा झाला. दुतेर्ते यांना 2025 च्या मार्चमध्ये अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्यात आले. न्यायालय माणसांचा निवाडा करील. शब्दाचा निवाडा आपणच करावयाचा आहे.

‘मिपानाव’ही मऊ आहे आणि ‘तोकहांग’ही मऊ आहे. मग एकाविषयी मला माया का वाटते आणि दुसऱ्याची किळस का येते? सत्य झाकले जाते म्हणून, असे म्हणावे तर ते दोन्हींकडे झाकले जाते. मेलेला माणूस काही प्रवासाला गेलेला नसतो. फरक मला असा दिसतो. पहिला शब्द ज्याच्यावर मरण पडले त्याच्यासाठी मऊ केलेला आहे, दुसरा ज्याने ते पाडले त्याच्यासाठी. ‘बाबा प्रवासाला गेले’ असे मुलगी म्हणू शकते, त्यात तिला विसावा मिळतो. ‘माझ्या बापाला विनवणी करण्यात आली’ असे ती म्हणू शकेल काय? म्हणून मरणाविषयीच्या कोणत्याही गोड शब्दाची एकच कसोटी मी मानतो: तो नामात्यानच्या तोंडी देऊन पाहावा. तिथे तो टिकला तर ती दया. टिकला नाही तर ती लपवाछपवी.

भाषेत असा शब्द असल्याने लोक आपोआप सदय होत नाहीत, हेही यातून कळते. ‘नामात्यान’ ज्या बोलीत आहे तिच्यातूनच ‘तोकहांग’ निघाला. व्याकरण वाट दाखविते. चालावे आपल्यालाच लागते. आणि आपल्यालाही फार दूर पाहावयाचे कारण नाही. मुंबईच्या पोलिसांमुळे ‘चकमक’ आणि ‘एन्काउंटर’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळले. चकमक दोघांत उडते. परंतु ‘त्याचे एन्काउंटर केले’ असे आपण सहज बोलून जातो, आणि या वाक्यात एकच माणूस काही तरी करीत आहे हे आपल्या कानाला खटकतही नाही. अशी बातमी वाचताना मी अलीकडे एक करतो. कोण मेला हे वाचून झाले की, मरण कोणाला आले, हे त्या मजकुरात शोधतो. बहुतेक वेळा ते नाव छापलेले नसते. मग घरात कोण कोण असेल याचा विचार करीत मी थोडा वेळ तसाच बसतो, आणि त्यानंतरच पान उलटतो.