झीलकऱ्यांची नावं

२०१५च्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे लोक लंडनच्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत नवी गाणी करायला जमले होते. नवं गाणं काही केल्या बसेना. हात मोकळे व्हावेत म्हणून त्यांनी शिकागोच्या लिटल वॉल्टरचं एक जुनं ब्लूज वाजवून पाहिलं. ते जमलं. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. तीन दिवसांत बारा गाणी झाली. शेजारच्या स्टुडिओत एरिक क्लॅप्टन स्वतःच्या कामात होता, तोही येऊन दोन गाण्यांत गिटार वाजवून गेला. पुढच्या वर्षी ‘ब्लू अँड लोन्सम’ या नावानं हा अल्बम बाजारात आला. त्यात स्टोन्सनी स्वतः लिहिलेलं एकही गाणं नाही. सगळी गाणी दुसऱ्यांची आहेत: लिटल वॉल्टर, हाऊलिन वुल्फ, जिमी रीड. ड्रमवर बसलेला चार्ली वॉट्स तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, गाणारा मिक जॅगर बहात्तरचा.

हे मी नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत बसून लिहितो आहे. इथून मांजरेवरचा येसगीचा पूल ओलांडला की तेलंगण लागतं. रॉकची इथे कुणाला फारशी असोशी नाही. पण थोर जुन्या मेळ्याची गाणी नंतरच्या पिढीच्या, स्वतःही म्हाताऱ्या झालेल्या कलावंतांनी एकत्र बसून गाणं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि ती आपल्याकडे व्हायला हवी होती तशी झालेली नाही, याची खंत आहे.

जॅगरनं हे संगीत पहिल्यांदा गायलं तेव्हा तो विशीत होता. १९६४ साली विली डिक्सनचं ‘लिटल रेड रूस्टर’ गाऊन स्टोन्स इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. ते रेकॉर्डिंग आणि ‘ब्लू अँड लोन्सम’ एकापाठोपाठ एक ऐकावं. एकवीस वर्षांचा मुलगा मिसिसिपीच्या कष्टकऱ्याचा आवाज काढू पाहतो आहे. तो आवाज त्याला आवडला आहे, पण त्याच्या अंगात अजून काही शिरलेलं नाही. बहात्तराव्या वर्षी तो कुणाचाच आवाज काढत नाही. माउथ ऑर्गन ओठाला लावतो, श्वास कमी पडतो तिथे कमी पडू देतो. मधल्या पन्नास वर्षांत त्यानं आपलं स्वतःचं गाणं गाऊन घेतलं आहे, म्हणून आता दुसऱ्याचं गाणं घेताना त्याला ना नक्कल करावी लागते, ना स्वतःला सिद्ध करावं लागतं. जुन्यांना मानवंदना देण्याचा खरा अधिकार माणसाला उतारवयात येतो, असं माझं मत आहे.

स्टोन्सनी ज्यांना वाकून नमस्कार केला ते मुळात पोटासाठी शहरात आलेले मजूर होते. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतला कापसाचा मळा सोडून शिकागोला गेला. तिथल्या दारूगुत्त्यांच्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज पोचेना, म्हणून त्यानं विजेची गिटार घेतली. लिटल वॉल्टर त्याच्याच ताफ्यात माउथ ऑर्गन वाजवायचा. स्टोन्सनी आपल्या बँडचं नावसुद्धा मडीच्या एका गाण्यावरून घेतलं.

मडी शिकागोला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४४ला, मुंबईत तीन माणसांनी एक मेळा उभा केला. वाटेगावहून लहानपणी आईवडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे, बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे अमर शेख, आणि दत्ता गवाणकर. लाल बावटा कलापथक. यांचंही संगीत गावाकडचं होतं आणि शहरातल्या गिरण्यांच्या फाटकाबाहेर, चाळींच्या पटांगणात नव्यानं तापवलेलं होतं. मिसिसिपी ते शिकागो आणि वारणेकाठ ते माटुंग्याचा लेबर कॅम्प, या दोन वाटा सारख्याच होत्या. दोन्हींच्या शेवटी असं संगीत झालं, की पुढे कुणी गायला उभा राहिला तर त्याला त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.

आपण आठवण काढतो, यात शंका नाही. १ ऑगस्टला बिलोलीत, कुंडलवाडीत, देगलूरला, पार लातूरपर्यंत अण्णा भाऊंची जयंती केवढ्या उमाळ्यानं साजरी होते हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मिरवणुका निघतात, पुतळ्याला हार पडतात, पोरं रात्रभर नाचतात. हा उमाळा खरा आहे, मला त्याचा आदर आहे. पण २० ऑक्टोबरला, अमर शेखांच्या जन्मदिवशी, याच चौकात काही होत नाही. गवाणकरांचं नाव तर शिकलेल्या माणसालाही आठवून सांगावं लागतं. १९६९ साली अण्णा भाऊ १८ जुलैला गेले आणि अमर शेख २९ ऑगस्टला अपघातात गेले. सहा आठवड्यांत कलापथकाचे दोन खांब पडले. त्यानंतर आपण अण्णा भाऊंना माणूस म्हणून जपलं, लेखक म्हणून जपलं, समाजाचा मानबिंदू म्हणून जपलं. कलापथक जपलं नाही. तिघांच्या गळ्यांतून आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या अनामिकांच्या हातांतून मिळून जो एक नाद तयार व्हायचा, त्याची जयंती कधीच झाली नाही.

रॉकवाल्यांचं मला इथे पटतं. ते बँडला मानवंदना देतात. ढोलाचा ठोका कुठे मागे राहतो, दुसरी गिटार पहिलीच्या अंगावर कशी झुकते, हे ते शोधत बसतात. आपल्याकडे मानवंदना माणसाला असते आणि तीही एकट्याला. सोबतचे पुसले जातात.

सोबतचे म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कुठल्याही हलगीवाल्यांजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. खेळ सुरू व्हायच्या आधी ते बाजूला कडब्याचा नाहीतर कागदाचा छोटा जाळ करतात आणि हलगी त्यावर फिरवत शेकतात. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, ठोका बसका येतो. एक जण शेकतो, बोटानं वाजवून बघतो, शेजाऱ्याकडे पाहतो, पुन्हा शेकतो. सगळ्यांच्या हलग्या एकमेकींना बोलू लागेपर्यंत कुणी पहिला ठोका मारत नाही. मग उजव्या हातातलं टिपरू आणि डाव्या हातातली बारीक काडी अशी पडते, की चार माणसं आहेत हे कान विसरतो. पोवाड्यात हेच काम झीलकरी करतात. शाहीर ओळ सोडून देतो, झीलकरी ‘जी जी’ करत ती उचलून धरतात, तेवढ्यात शाहिराचा दम भरतो आणि पुढची ओळ आणखी वरच्या पट्टीत येते. झील कच्ची असेल तर अमर शेखांसारखा पहाडी गळाही दोन कडव्यांत थकेल. कलापथकाची ताकद त्या उचलून धरण्यात होती.

कुणी म्हणेल, आपल्याकडे वेगळा अल्बम कशाला हवा? आपल्या परंपरेत वंदन आतच आहे. तमाशा गणानं सुरू होतो. अण्णा भाऊंनी गणातून गणपतीला बाजूला ठेवून मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केलं, पण वंदनाची जागा ठेवली. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत ते येतंच, म्हणजे गाणाऱ्यानं गाणं संपवताना मूळ कवीला हात जोडल्यासारखंच झालं. हे म्हणणं निम्मं खरं आहे. तोंडी परंपरेनं शब्द राहतात, चालही राहते. पण मेळ्याची बैठक, झील कुठे आत येते, डफ कुठे थांबतो, तुणतुणं गाण्याच्या आधी किती वेळ नुसतं वाजत राहतं, हे राहत नाही. कारण ते एका माणसाच्या स्मरणात मावत नाही. ते चौघांत वाटलेलं असतं, आणि चौघांपैकी एक गेला की चौघांचं जातं. शिवाय आता गाणं मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या स्पीकरवर गेलं आहे. तिथे शेवटचं कडवं येईपर्यंत गाणं चालू राहतच नाही, आणि कडव्याबरोबर नावही कापलं जातं.

नाव कापलं जाण्याची गोष्ट साधी नाही. विली डिक्सनच्या गाण्यावरूनच लेड झेपेलिन या बँडनं १९६९ साली आपलं एक प्रचंड गाजलेलं गाणं केलं, आणि श्रेय दिलं नाही. डिक्सनला १९८५ साली कोर्टात जावं लागलं, मग तडजोड झाली. स्टोन्सचा याच बाबतीतला एक प्रसंग मला फार आवडतो. मे १९६५मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या ‘शिंडिग’ या कार्यक्रमात त्यांना बोलावलं होतं. त्यांनी हाऊलिन वुल्फलाही बोलावण्याचा आग्रह धरला, आणि तो गात असताना ही पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. गोऱ्या अमेरिकेतल्या कितीतरी घरांत तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असेल. कर्ज मान्य करणं आणि माल उचलणं यातला फरक याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

आपल्याकडे ज्यांनी हे कर्ज मानलं त्यांत शाहीर विठ्ठल उमप मोठे. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड आज अनेकांच्या कानात आहे ती उमपांच्या आवाजात. उमपांनी अमर शेखांची नक्कल केली नाही. त्यांचा गळा वेगळा, खटका वेगळा, हसू वेगळं. २०१०च्या २६ नोव्हेंबरला नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच त्यांचे प्राण गेले. एकट्यानं एवढं केलं. मेळ्यानं बसून करायचं काम मात्र तसंच राहिलं.

आणि ते बिलोलीसारख्या ठिकाणी व्हावं, असं मला वाटण्याचं कारण त्या छक्कडीतच आहे. वरवर ती मुंबईत अडकलेल्या गड्याची गावाकडे राहिलेल्या बायकोसाठीची तळमळ आहे. शेवटाकडे ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव, कारवारचा मुलूख होतो. हे गाणं सीमेचं आहे, आणि आम्ही सीमेवर राहतो. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तुकडे पडले तेव्हा नांदेड जिल्हा इकडे आला, पण अख्खा आला नाही. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल सर्कलं, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर सर्कलं तिकडे गेली. सोयरिकी इकडे-तिकडे, बाजार इकडे-तिकडे, घरात दोन भाषा. आणि २०१८च्या सुमारास याच धर्माबाद-बिलोली भागातल्या काही गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ म्हणून मागणी केली, कारण पलीकडच्या शेतकऱ्याला सरकार हंगामाला थेट पैसे देत होतं.

आता अशा गावातल्या, सत्तरी गाठलेल्या शाहिरानं ‘माझी मैना’ गायली तर ती कशी येईल? ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी ते गाणं रचलं गेलं, त्यातूनच बाहेर पडायची भाषा त्यानं आपल्या पारावर ऐकली आहे. त्याला ती शिवाजी पार्कवरच्या जोशात गाता येणार नाही, आणि येऊही नये. त्याच्या गळ्यात त्या ओळींना वेगळा कढ येईल. हा कढ मुंबईच्या स्टुडिओतल्या कुठल्याही तयार गायकाला आणता येणार नाही. मूळ गाणं त्यामुळे लहान होणार नाही, उलट अण्णा भाऊंनी किती खोल हात घातला होता ते दिसेल.

वाद्यंही इथली घ्यावीत. मांजरेच्या अलीकडे जी हलगी, तिचाच भाऊबंद पलीकडे डप्पू. त्याच डप्पूच्या ठोक्यावर लोकगायक गद्दर तेलंगणभर गात फिरले. त्यांची १९७२पासूनची जन नाट्य मंडळी हाही एक मेळाच होता. २०२३ला ते गेल्यावर तिकडेही नाव राहिलं ते एकट्या गद्दरांचं, त्यांच्या नावानं सिनेमाचे पुरस्कार सुरू झाले, मंडळीतले बाकीचे मागेच राहिले. दोन्ही तीरांचे हलगीवाले आणि डप्पूवाले एका जाळावर आपली कातडी शेकून बसले, तर लाल बावटा कलापथकाला ती शोभेल अशी मानवंदना होईल.

हे काम करू शकणाऱ्या संस्था जवळ आहेत. नांदेडला आकाशवाणी आहे. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे. पैसा फार लागणार नाही, माणसं लागतील आणि ती घाईनं लागतील. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या १९५६च्या सभेत वडिलांच्या खांद्यावर बसून ज्यानं अमर शेखांना ऐकलं, तो मुलगा आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. रेकॉर्डिंग करताना शाहिराला काचेमागे एकटं उभं करू नये. सगळ्यांना एका खोलीत गोल बसवावं, झील आणि डफ एकाच वेळी घ्यावेत, दम लागला तर लागू द्यावा, चूक झाली तर अख्खं गाणं पुन्हा घ्यावं. तुकडे जोडू नयेत. आणि वेष्टणावर अण्णा भाऊ, अमर शेख, गवाणकर ही तिन्ही नावं सारख्याच टायपात छापावीत. त्याखाली त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाचं नाव आणि गाव यावं: झीलकरी, हलगीवाला, तुणतुणं धरणारा, सगळ्यांचं.